किचन रोल, टिश्यू की रद्दी? घरसफाईसाठी कागद कसा निवडावा

दुकानातल्या फळीवरचे सगळे रोल सारखेच दिसतात. पांढरे, मऊ, आणि प्रत्येकावर ‘सुपर सॉफ्ट’ नाहीतर ‘एक्स्ट्रा अ‍ॅब्सॉर्बंट’ छापलेलं. किंमत बघून एखादा उचलायचा, घरी येऊन ओल्या ओट्यावर दोनदा फिरवायचा आणि हातात चोथा घेऊन उभं राहायचं, असं बऱ्याच घरांत होतं. तो कागद वाईट असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो पाण्यात विरघळावा म्हणूनच बनवलेला असतो आणि आपण त्याने घासायला जातो.

म्हणून ब्रँड आणि किंमत यांच्या आधी दोन प्रश्न सोडवावे लागतात: काय पुसायचं आहे, आणि ओला झाल्यावर कागद टिकायला हवा की सुटायला हवा.

कागद लागतो कुठे

रोजचा ओटा, जेवणाचं टेबल, फ्रिजचं दार, फरशी या कामांना जुन्या सुती साडीचं किंवा पंचाचं फडकं पुरतं. मायक्रोफायबरचं असेल तर आणखी बरं. इथे कागद वापरणं म्हणजे पैसे आणि झाडं दोन्ही उडवणं.

कागदाची गरज पडते ती फडक्यात राहता कामा नये अशा घाणीला. कच्च्या मासळीचं किंवा कोंबडीचं पाणी, उलटी, लहान मुलाचे जुलाब, मांजरा-कुत्र्याची घाण, फुटलेल्या ग्लासचा चुरा, कढईतलं उरलेलं तेल, बूटपॉलिश. कोंबडीचं पाणी पुसलेलं फडकं खळबळून नळावर वाळत टाकलं की त्यातले जंतू ओलाव्यात वाढतात आणि सकाळी त्याच फडक्याने आपण डब्याचं झाकण पुसतो. अशा घाणीला पुसून थेट घराबाहेर जाणारी वस्तूच हवी. चौघांच्या घरात एवढ्याच कामांना महिन्याला एक-दोन किचन रोल भरपूर झाले. त्याहून जास्त जात असतील तर रोल फडक्याचं काम करतोय, असं समजायला हरकत नाही.

ओला टिकाव: सगळा फरक इथे पडतो

कोरड्या कागदातले तंतू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात आणि कागदाचा लगदा होतो. किचन रोल बनवताना लगद्यात एक खास रेझिन मिसळतात. कागद वाळल्यावर ते तंतूंच्या सांध्यांवर पक्कं बसतं आणि ओलं झालं तरी सुटत नाही. म्हणून किचन रोल भिजवून, पिळून पुन्हा घासायला घेता येतो. टॉयलेट रोलमध्ये हे रेझिन मुद्दाम टाळलेलं असतं, कारण तो पाइपमध्ये अडकायच्या आत सुटायला हवा.

यातूनच दोन नियम निघतात. टॉयलेट रोलने ओली घासाघाशी करू नये आणि किचन रोल कमोडमध्ये टाकू नये. दुसरा नियम मोडला की प्लंबर येतो. विशेषतः जुन्या इमारतीत किंवा सेप्टिक टँक असलेल्या घरात ही चूक महागात पडते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. डब्यातून ओढून काढायचे फेशियल टिश्यू मऊपणासाठी बनवलेले असतात. काहींमध्ये लोशन असतं आणि त्याचा पट्टा काचेवर उमटतो. हॉटेलात मिळतात तसले एकपदरी नॅपकिन टेबलावर सांडलेलं पाणी टिपायला ठीक, पण रंगीत छपाईचे असतील तर तेला-पाण्याने रंग उतरू शकतो, तेव्हा खाण्याच्या वस्तूंपासून आणि हलक्या रंगाच्या सोफ्यापासून ते लांबच ठेवा.

‘धुऊन पुन्हा वापरा’ म्हणून विकले जाणारे रोल आणि बहुतेक वेट वाइप्स हा कागद नव्हेच. ते व्हिस्कोस आणि पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड असतं. पुडक्यावर ‘बांबू’ लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते घरी तपासता येतं. बोटभर पट्टी पूर्ण कोरडी करून चिमट्यात धरा, स्टीलच्या ताटलीवर पेटवा. नुसता कागद किंवा व्हिस्कोस असेल तर भुरभुरीत राख उरते. पॉलिएस्टर असेल तर कडेला वितळून कडक मणी जमतो. मणी दिसला तर ती वस्तू ओल्या कचऱ्यात टाकू नये आणि कमोडमध्ये तर नाहीच नाही.

आणि रद्दी. वर्तमानपत्राचा कागद पाणी आणि तेल छान ओढतो, शिवाय घरात फुकट पडलेला असतो. पण त्याची शाई पूर्ण वाळत नाही, हाताला लागते तशी वस्तूलाही लागते. पुरवण्यांचा गुळगुळीत, चकचकीत कागद काहीच शोषत नाही. तो बाजूला काढा.

पुडक्यावर काय वाचायचं

प्लायचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, म्हणून सगळे तोच बघतात. प्लाय म्हणजे पदर. दोन पदरांच्या मधल्या फटीत पाणी साठतं, त्यामुळे एकपदरीपेक्षा दोनपदरी कागद जास्त शोषतो, हे खरं. पण तीन पातळ पदर दोन जाड पदरांपुढे हरू शकतात. पदराची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. किचन रोलचा एक पदर साधारण १७ ते २२ जीएसएमचा असला की काम चांगलं होतं. बरेच उत्पादक हा आकडा छापतच नाहीत. तो आपण काढू शकतो, त्यासाठी किचनचा वजनकाटा पुरे.

पुडक्यावर शीटची संख्या आणि शीटचा आकार शोधा. काही पुडक्यांवर शीटऐवजी ‘पुल्स’ लिहितात. समजा दोन रोल समोर आहेत, दोन्हींवर ‘२ प्लाय, ६० शीट’. पहिल्याची शीट २२×२० सेंमी, किंमत ८० रुपये. दुसऱ्याची शीट १८×२० सेंमी, किंमत ७० रुपये. पहिल्यात कागद निघतो ०.२२ × ०.२० × ६० = २.६४ चौरस मीटर, दर चौरस मीटरला साधारण ३० रुपये ३० पैसे. दुसऱ्यात २.१६ चौरस मीटर, दर ३२ रुपये ४० पैसे. दहा रुपयांनी स्वस्त दिसणारा रोल इथेच महाग पडला.

आता वजन. संपलेल्या रोलची पुठ्ठ्याची नळी आधी वजन करून ठेवा आणि नव्या रोलच्या वजनातून ते वजा करा. समजा पहिल्यात नुसता कागद ९५ ग्रॅम भरला: ९५ ला २.६४ ने भागलं की ३६, म्हणजे पदराला १८ जीएसएम. दुसऱ्यात ६५ ग्रॅम भरला तर पदराला जेमतेम १५. म्हणजे आधीच महाग पडलेला कागद वर पातळही निघाला. सैल गुंडाळलेला किंवा नळी मोठी असलेला रोल डोळ्यांना गलेलठ्ठ दिसतो, वजनकाट्याला मात्र फसवता येत नाही.

‘१००% व्हर्जिन पल्प’ म्हणजे रद्दीपासून न बनवलेला, ताज्या लाकडाच्या लगद्याचा कागद. खाण्याच्या वस्तूला लागणार असेल तर हाच घ्या. फरशीवरची घाण उचलायला, बूट पुसायला पुनर्वापरातला कागद चालतो आणि तिथे तोच घ्यावा. एकदा वापरून फेकायच्या कामाला ताजं लाकूड कशाला? आणखी एक खूण: नोटा तपासायचा जांभळा दिवा असेल तर अंधारात कागदावर मारून बघा. निळसर पांढरी झळाळी दिसली तर त्यात चमक आणणारी रसायनं आहेत. ठिपक्या-ठिपक्यांनी चमकला तर रद्दी मिसळलेली असण्याची शक्यता मोठी.

घरी आणल्यावर चार चाचण्या

नवा ब्रँड असेल तर आधी एकच रोल आणा, सहाचा पुडा नको. चाचण्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात.

पहिली ग्लासची. अर्धी शीट पाण्याने भरलेल्या ग्लासात टाकून चमच्याने वीसेक वेळा ढवळा. टॉयलेट रोलचे तुकडे व्हायला हवेत, किचन रोल अखंड निघायला हवा. टॉयलेट रोल अखंड राहिला तर तो फ्लश करू नका, वर काहीही छापलेलं असो.

दुसरी घासायची. शीटची चौघडी करून भिजवा, पिळा आणि बाथरूमच्या टाइलवर जोर लावून वीस वेळा घासा. कडेला थोडे गोळे आले तर चालेल. मध्ये भोक पडलं तर हा रोल फक्त टिपायच्या कामाचा.

तिसरी काळ्या ग्रॅनाइटवर किंवा बंद टीव्हीखालच्या काळ्या काचेच्या टेबलावर. कोरडा कागद फिरवा आणि बाजूने उजेड पाडून बघा. पांढरा भुरा राहत असेल तर हा कागद आरशाला नको.

चौथी शोषण्याची. एका शीटचं वजन काट्यावर नीट येत नाही, म्हणून पाच शीट एकत्र घ्या. कोरडं वजन लिहा, पाण्यात बुडवा, एका कोपऱ्याला धरून अर्धा मिनिट निथळू द्या, पुन्हा वजन करा. वरच्या पहिल्या रोलच्या पाच शीट ८ ग्रॅमच्या आसपास भरतील. ओल्या ५६ ग्रॅम भरल्या तर ४८ ग्रॅम पाणी, म्हणजे स्वतःच्या सहापट. आकडा मनात ठेवा आणि पुढच्या ब्रँडशी ताडून बघा. नुसत्या एका आकड्याला अर्थ नाही.

कामं आणि त्यांची रीत

तेलकट कढई-तवा. भांडी घासायला टाकण्याआधी कढई कोमट असताना एका शीटने तेल पुसून घ्या. तेल-तूप सिंकमध्ये गेलं तर गरम पाण्याने वाहून गेल्यासारखं वाटतं, पण पुढे पाइपच्या थंड भागात ते थिजतं आणि त्यावर भाताची शितं चिकटत जातात. भज्यांखाली घातलेली शीटच यासाठी पुन्हा वापरा, नवी फाडू नका. तापलेल्या तव्यावर कागद फिरवू नका, आणि शेगडी चालू असताना तर मुळीच नाही. तेलकट कागद पटकन पेट घेतो. बिडाचा तवा धुतल्यावर लगेच कागदाने कोरडा करून थेंबभर तेल चोळलं की गंज धरत नाही.

भजी निथळायचा विषय निघालाच आहे तर: वर्तमानपत्रावर नको. खाद्यपदार्थ गुंडाळायला आणि ठेवायला वर्तमानपत्र वापरण्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे आणि तळलेल्या गरम पदार्थात शाई फार लवकर उतरते. किचन रोलवर काढतानाही भजी आधी मिनिटभर झाऱ्यात किंवा जाळीवर धरा. थेट कागदावर टाकली तर खालून वाफ कोंडते आणि कुरकुरीतपणा जातो.

कच्ची मासळी, कोंबडी. पापलेट, सुरमईचे तुकडे मसाला लावण्याआधी कागदाने दाबून कोरडे केले की मसाला धरतो आणि तेल कमी उडतं. नंतर ओट्याची पाळी. इथे बहुतेकांचा क्रम चुकतो: आधी जंतुनाशक फवारतात आणि लगेच कागदाने पुसतात. त्याने दोन्ही वाया जातात. आधी कोरड्या कागदाने पाणी टिपा, कागद एकाच दिशेने न्या, घडी उलटा, पण वापरलेली बाजू पुन्हा ओट्याला लावू नका. तो कागद टाकून द्या. मग साबणाच्या पाण्याने ओटा धुवा. त्यानंतर जंतुनाशक, आणि बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा ५ ते १० मिनिटं, पृष्ठभाग ओला राहू द्या. बाजारातल्या अनेक जंतुनाशकांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं आणि ते कागदाच्या आणि सुताच्या तंतूंना चिकटून बसतं. कागद त्यात बुडवून पुसलं तर औषध कागदातच राहतं, ओट्यावर फार थोडं उतरतं. म्हणून औषध पृष्ठभागावर, कागद शेवटी.

उलटी किंवा जुलाब. पोटाचा संसर्ग घरभर पसरतो तो अनेकदा साफसफाई करतानाच, म्हणून याची रीत सविस्तर.

१. खिडक्या उघडा, पंखा बंद करा. हातमोजे, मास्क घाला. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

२. घाणीवर किचन रोलच्या शीट एकावर एक पसरा आणि पाणी शोषेपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा. यावर काहीही फवारू नका, शिंतोडे उडतात.

३. कडेकडून मध्याकडे गोळा करत उचला. मधून बाहेर पुसलं की डाग मोठा होतो. कागद थेट पिशवीत, पिशवीचं तोंड बांधा.

४. साबणाच्या पाण्याने जागा धुवा. घाण राहिली तर पुढचं ब्लीच तिच्यातच खर्ची पडतं.

५. ब्लीचचं द्रावण करा. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४% लिहिलेलं असेल तर २५ मिली ब्लीच आणि ९७५ मिली साधं पाणी, म्हणजे ०.१% द्रावण. ते फरशीवर ओता, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसा. द्रावण त्याच दिवशी संपवा.

६. मोजे काढून हात साबणाने धुवा. हाताच्या सॅनिटायझरवर इथे विसंबू नका. पोटाच्या काही विषाणूंवर तो कमी पडतो.

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग त्याच कमोडमध्येही नको. अनेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो.

फुटलेली काच. मोठे तुकडे जाड मोजे घालून किंवा पुठ्ठ्याने उचला. उरलेल्या चुऱ्यासाठी किचन रोलची चौघडी ओली करून जागेवर अलगद दाबा आणि सरळ वर उचला. घासू नका. बारीक कण ओल्या कागदात रुततात. चारी बाजूंना निदान दोन-दोन हात अंतरापर्यंत हे करा, काच वाटते त्यापेक्षा लांब उडते. सगळं जाड कागदात गुंडाळून वर ‘काच’ लिहून टाका. कचरा वेचणाऱ्याचे हात कापू नयेत.

आरसे, खिडक्या. इथे रद्दी कामाची. काच आधी ओल्या फडक्याने धुऊन घ्या, धूळ असताना कागद फिरवला तर ओरखडे पडतात. मग काळ्या-पांढऱ्या पानाचा बोळा करून काच सुकेपर्यंत गोल फिरवा. पांढऱ्या रंगाच्या चौकटीला बोळा लागू देऊ नका, शाईचा काळा डाग लागतो.

नळावरचे पांढरे डाग. बोअरवेलचं पाणी असलेल्या घरात नळाच्या बुडाशी क्षारांची कडा जमते. उभ्या नळावर अ‍ॅसिड टिकत नाही, ओघळून जातं. ते धरून ठेवायला कागद लागतो. पाव लिटर कोमट पाण्यात १५ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवा. किचन रोलची शीट लांब पट्टीसारखी दुमडून त्यात भिजवा, हलकी पिळा आणि नळाभोवती दोन वेढे घालून चिकटवा. अर्धा तास ठेवा, मध्ये सुकायला लागली तर चमच्याने थोडं द्रावण सोडा. काढल्यावर जुन्या टूथब्रशने घासून धुवा. टॉयलेट रोल इथे निरुपयोगी, पाच मिनिटांत त्याची खीर होते. मात्र नळाखालचा दगड बघा. ओटा ग्रॅनाइटचा असेल तर ठीक. कडप्पा, शहाबादी फरशी किंवा संगमरवर असेल तर खाली प्लास्टिक अंथरा, कारण हे चुन्याच्या जातीचे दगड. अ‍ॅसिडचा थेंब पडला की कायमचा पांढुरका डाग पडतो.

सोफ्यावर, गादीवर सांडलेला रस्सा. कोरा पांढरा कागद ठेवून तळहाताने दाबा, कागद बदला, पुन्हा दाबा. चोळलं की हळद-तेल धाग्यांत खोल जातं.

कागद नको अशा जागा

टीव्ही, लॅपटॉपचा पडदा, चष्म्याची काच: यांच्यावर पातळ लेप असतो आणि लाकडाच्या तंतूंनी तो घासला जातो. मऊ मायक्रोफायबरच घ्या. अळशीचं तेल किंवा त्याचं पॉलिश लाकडाला लावायचं असेल तर वापरलेले बोळे चुरगळून डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती साठून बोळे आपोआप पेटू शकतात. ते पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. पुनर्वापरातला कागद मायक्रोवेव्हमध्येही नको, त्यात धातूचे कण असू शकतात आणि ठिणगी पडते.

वापरल्यावर आणि वापरण्याआधी

तेल, अन्न, भाजीचं पाणी पुसलेला साधा कागद ओल्या कचऱ्यात जातो. घरी खत करत असाल तर फाडून टाका. किचन रोल टॉयलेट रोलपेक्षा हळू कुजतो, अखंड शीट महिनोन्‌महिने दिसत राहते. फिनेल, ब्लीच, पॉलिश लागलेला कागद खतात नको. रक्त, उलटी, शी-शू पुसलेला कागद डायपर-सॅनिटरी पॅडसारखा वेगळा गुंडाळून द्या. कोरडी नळी सुक्या कचऱ्यात. वापरलेला टिश्यू मात्र कितीही स्वच्छ दिसला तरी रद्दीवाल्याच्या कामाचा नसतो.

साठवणीत पावसाळा वैरी. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर उघडा रोल हवेतला ओलावा ओढून घेतो, त्याला कुबट वास येतो आणि शोषण्याची ताकद कमी होते. सिंकखालच्या कपाटात ठेवला तर झुरळं आणि कसर आधी येतात. झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर, एका वेळी एकच रोल फोडलेला. शेगडीपासून हातभर लांब टांगा, आणि स्टँड असा लावा की एका हाताने शीट फाडता येईल, कारण कागद लागतो तेव्हा दुसरा हात बहुधा मासळीचा असतो.